मधल्या माणसावाचून



पोटासाठी घर सोडणे कामगाराला नवे नाही. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या जिल्ह्यांतून माणसे मुंबईच्या गिरण्यांत आली, तेव्हा अनेकांची बायकामुले गावीच राहिली. या दोन टोकांना जोडणारा धागा म्हणजे महिन्याची मनिऑर्डर आणि तिच्या कुपनावरच्या चार ओळी. ज्याला लिहिता येत नसे तो त्या ओळी दुसऱ्याकडून लिहवून घेई. गावी त्याची बायको त्या तिसऱ्याकडून वाचवून घेई. म्हणजे नवराबायकोच्या बोलण्यात दोन परकी माणसे बसलेली! मग मनातले कोण बोलणार? ‘सर्व खुशाल’, एवढेच.

आज त्यांची नातवंडे दुबईला, लंडनला, बंगळूरला आहेत आणि व्हिडिओ कॉलमुळे ही मधली माणसे उठवता येतात. ‘येतात’ असे मी म्हणतो. ती उठतातच असे नाही. पुष्कळ घरी आजीचा फोन नातवाच्या हाती असतो. तो शाळेतून आला तर बोलणे, नाहीतर नाही. सुनेने धरलेल्या फोनवर सुनेविषयी दोन शब्द कोण बोलेल? पत्र वाचून दाखविणारा गेला आणि फोन लावून देणारा आला, एवढाच फरक. म्हणून कॉल कसा लावावा यापेक्षा, म्हाताऱ्या माणसाला तो स्वतः कसा लावता येईल, हा आजचा विषय आहे.

हे साधन एका दिवसात आलेले नाही. १९६० साली लखनौ आणि कानपूर यांच्या दरम्यान ऑपरेटरवाचून थेट फोन लागू लागला. तोही एक मधला माणूस उठणेच होते. १९६४ साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात समोरच्याचा चेहरा दाखविणारा फोन मांडला गेला. पण त्यावरच्या तीन मिनिटांना सोळा डॉलर आणि त्याहूनही अधिक पडत, म्हणून तो सामान्यांपर्यंत पोचलाच नाही. आपल्याकडे २०१६ च्या उत्तरार्धात स्वस्त डेटा आणि व्हॉट्सॲपवरचा व्हिडिओ कॉल ही दोन्ही पाठोपाठ आली आणि ही चैन गरजेची वस्तू झाली.

यात घडते काय? फोनचा कॅमेरा सेकंदाला अनेक चित्रे घेतो. प्रत्येक चित्र संपूर्ण पाठविले तर भार फार होईल, म्हणून मागच्या चित्राहून जे बदलले तेवढेच बहुतांशी धाडले जाते. वाटेत जे तुकडे उशीर करतात त्यांच्यासाठी गाडी थांबत नाही. म्हणून चित्र मध्येच गोठते. यावरून तीन नियम निघतात. फोन हातात धरू नये, डब्याला किंवा तांब्याला टेकवून डोळ्यांच्या उंचीवर ठेवावा. फोन हलला की सारे चित्र बदलते आणि भार वाढतो. उजेड पाठीमागे नव्हे, तोंडावर असावा. आणि चित्र अडखळू लागले तर कॅमेरा बंद करून आवाज तेवढा चालू ठेवावा. आवाजाला फार थोडी जागा लागते. गावाकडे रेंज कमी असेल, तर व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये कॉलसाठी कमी डेटा वापरण्याची सोय आहे, ती एकदाच चालू करून ठेवावी.

आता म्हाताऱ्या माणसासाठी मांडणी. फोनच्या पहिल्या पडद्यावरील अनावश्यक चित्रे काढून टाकावीत. ज्यांच्याशी बोलायचे त्या दोघातिघांचे शॉर्टकट तेथे आणावेत. नावाशेजारी त्यांचा फोटो असला की अक्षरओळख लागत नाही. शॉर्टकट दाबायचा आणि वरचे कॅमेऱ्याचे चिन्ह दाबायचे, एवढ्या दोनच क्रिया. आलेला कॉल घेताना हिरवे चिन्ह पुष्कळदा दाबायचे नसून वर सरकवायचे असते, हे हाताला सवय होईपर्यंत करून घ्यावे. जन्मभर राबून घट्टे पडलेली, कोरडी बोटे पडद्याला नीट कळत नाहीत. तो पडदा बोटातून होणारा विजेचा सूक्ष्म बदल ओळखतो. बोटाला किंचित ओल लावली की काम होते. ‘तुम्हाला जमत नाही’ असे म्हाताऱ्याला म्हणण्यापूर्वी हे करून पाहावे.

परमुलखाचे नियम निराळे असतात. संयुक्त अरब अमिरातींत इंटरनेटवरून बोलण्यावर निर्बंध आहेत. तेथे मान्य असलेले ॲप मुलाला विचारून दोन्हीकडे घ्यावे. घड्याळाचेही तसेच. दुबई आपल्यामागे बाराही महिने दीड तास असते. लंडन मात्र हिवाळ्यात साडेपाच तास मागे आणि उन्हाळ्यात साडेचार. मार्चच्या व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तेथली घड्याळे बदलतात. हे ठाऊक नसले की आई ठरल्या वेळी वाट पाहत बसते आणि मुलगा विसरला असे समजून झोपते. सभेची नोटीस जशी फळ्यावर लागते, तशी कॉलची वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरावर लिहून ठेवावी. रोज अर्धा मिनिट ‘जेवलात का’ विचारण्यापेक्षा आठवड्यातून दोन ठरलेल्या वेळा बऱ्या.

एक धोकाही सांगितला पाहिजे. पोलिसाचा गणवेश घालून व्हिडिओ कॉल करणारे आणि ‘तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे, फोन बंद करू नका’ म्हणून पैसे उकळणारे ठग सध्या फिरत आहेत. अशी अटक भारताच्या कायद्यात नाही. कॉल तोडावा आणि १९३० या क्रमांकावर कळवावे. फोनवर आलेला सहा आकडी संकेत कोणालाही सांगू नये, आपला पडदा अनोळखी माणसाला दाखवू नये.

आम्ही संघटनेत एक गोष्ट शिकलो. मुकादमाच्या मेहेरबानीने मिळालेली बदली आणि हक्काने मिळालेले काम, यांत मजुरी तीच असली तरी माणूस तोच राहत नाही. फोनचेही तसेच आहे. माझी सूचना लहानशी आहे. घरातील म्हाताऱ्या माणसाला एक रविवार शिकवा आणि मग आठ दिवस त्याच्यासाठी कोणीही फोन लावू नका. चुकला तर चुकू द्या. चुकीच्या माणसाला लागला तर लागू द्या. पहिला कॉल त्याने स्वतः लावला की तुम्ही खोलीबाहेर जा आणि दार ओढून घ्या.