प्रथमोपचार हातांनी शिका: घरातल्या तरुणाला प्रत्यक्ष सराव का हवा?

तीन वर्षांपूर्वीची, ऑगस्टमधली गोष्ट. सोयाबीनमध्ये निंदताना साप चावलेल्या एका शेतकऱ्याला घरच्यांनी माझ्या दवाखान्यात आणले. गुडघ्याच्या वर सुतळी करकचून बांधलेली होती आणि चावल्याच्या जागी ब्लेडने दोन काप दिलेले होते. कापांमधून रक्त थांबत नव्हते. घोणस चावला की रक्त गोठण्याची क्रिया बिघडते, त्यामुळे अशी लहान जखमही वाहत राहते. त्यांना मी लगेच सरकारी रुग्णालयात पाठवले. ते वाचले, पण पाय बरा व्हायला दीड महिना लागला.

सोबतचा मुलगा बी.एस्सी.ला होता. बाहेर थांबलेला असताना तो मला म्हणाला, "मले माहीत होतं डॉक्टरसाहेब, सुतळी बांधू नये, कापू नये. मोबाइलवर पाहिलं होतं. पण तिथं कोनी ऐकलंच नाई."

हे वाक्य मी विसरलो नाही. मुलाकडे माहिती होती, पण आजूबाजूला ओरडणारी दहा माणसे, काका आणि शेजारी असताना ती वापरण्याचा सराव त्याला नव्हता. प्रथमोपचार ही सायकलसारखी गोष्ट आहे. ती पाहून समजते, पण येते ती चालवूनच. म्हणून हा लेख घरातल्या १५ ते ३० वयाच्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी आहे.

आपल्या जिल्ह्यात याची गरज का?

बुलढाण्यात घाटावर आणि घाटाखाली संकटांचे प्रकार थोडे वेगळे आहेत. घाटाखाली पूर्णा नदी आणि सातपुड्यातून येणारे नाले आहेत. जुलै २०२३ मध्ये संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत अतिवृष्टीने काय झाले, ते अनेकांनी पाहिले आहे. घाटावर मेहकर, सिंदखेडराजा भागातून समृद्धी महामार्ग जातो. विहिरी, शेततळी, साप, फवारणी, वीज आणि उन्हाळ्यातील उष्माघात हे मात्र दोन्हीकडे आहेत.

१ जुलै २०२३ च्या रात्री सिंदखेडराजा तालुक्यात पिंपळखुटा गावाजवळ समृद्धीवर नागपूरहून पुण्याकडे जाणारी खासगी बस उलटली आणि पेटली. २५ प्रवासी गेले, मोजकेच वाचले. बस दरवाजाच्या बाजूवर पडल्याने दार वापरता येत नव्हते. काही जण काच फोडून बाहेर पडले. त्या रात्रीनंतर मी स्वतः बसमध्ये बसलो की आपत्कालीन खिडकी कुठे आहे आणि हातोडी जागेवर आहे का, ते आधी पाहतो. हातोडी कडक काचेच्या मध्यभागी न मारता कोपऱ्याजवळ मारायची असते. हे एकदा कोणी हातात हातोडी देऊन दाखवले, तर अंधारात आणि धुरात आठवण्याची शक्यता वाढते.

रुग्णवाहिका कितीही लवकर निघाली तरी गावाच्या शिवारात पोहोचायला वेळ लागतो. हृदय बंद पडले तर मेंदूला ऑक्सिजनशिवाय काही मिनिटेच मिळतात. ती मिनिटे जवळ उभ्या असलेल्या माणसाच्या हातात असतात.

पाहून शिकणे आणि करून शिकणे यात फरक काय?

हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. एमबीबीएसमध्ये सीपीआर म्हणजे छातीदाब मी वाचला, परीक्षेत लिहिला. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका रुग्णाला तो द्यायची वेळ आली तेव्हा माझे कोपर वाकत होते आणि मिनिटभरात मी दमलो. तो रुग्ण वाचला नाही. माझ्या चुकीमुळे तो गेला असे म्हणता येणार नाही, पण पुतळ्यावर पुन्हा शिकल्यावरच मला कळले की मी पुरेसे खोल दाबत नव्हतो.

महाविद्यालयातील मुलांना शिकवताना आजही हेच दिसते. पहिल्या प्रयत्नात बहुतेक मुले घाबरून हलके दाबतात. काही जण इतक्या घाईने दाबतात की छाती पुन्हा वर येऊच देत नाहीत. दहा मिनिटांच्या सरावात हे सुधारते. व्हिडिओ पाहणाऱ्याला मात्र आपण चुकतो आहोत हे सांगणारे कोणी नसते.

डेन्मार्कचे उदाहरण यासाठी महत्त्वाचे आहे. तिथे २००५ पासून शाळेत सीपीआर शिकवणे सक्तीचे झाले, मोठ्यांसाठीही प्रशिक्षण वाढवले गेले. रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्यांपैकी २००१ मध्ये साधारण २१ टक्के लोकांना जवळच्या माणसाने सीपीआर दिला होता. २०१० मध्ये हे प्रमाण जवळपास ४५ टक्क्यांवर गेले. याच काळात ३० दिवसांनंतर जिवंत असलेल्यांचे प्रमाण ३.५ वरून १०.८ टक्के झाले. उपचारातील इतर सुधारणांचाही त्यात वाटा आहे, पण लोकांचे हात लवकर पुढे आले हे मोठे कारण मानले जाते. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने १२ वर्षांपासून पुढे दरवर्षी दोन तास सीपीआर शिकवण्याच्या कल्पनेला पाठिंबा दिला.

कोणती कौशल्ये हातांनी शिकावीत?

१. छातीदाब (सीपीआर). माणूस हाक मारून, खांदे हलवून प्रतिसाद देत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल किंवा नुसते आचके येत असतील, तर १०८ लावून फोन स्पीकरवर ठेवा आणि सुरुवात करा. रुग्ण बाजेवर किंवा गादीवर असेल तर खाली जमिनीवर घ्या. छातीच्या मधोमध तळहाताची टाच ठेवा, त्यावर दुसरा हात, कोपरे सरळ. मोठ्या माणसात ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबा आणि प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्या. दर दोन मिनिटांनी माणूस बदला. बुडालेल्या माणसात तोंडाने श्वास देणेही महत्त्वाचे असते, ते प्रशिक्षणातच शिका. सराव पुतळ्यावरच करा, जिवंत माणसाच्या छातीवर कधीही नको.

२. रक्तस्राव थांबवणे. स्वच्छ कापड जखमेवर ठेवून तळहाताने जोरात आणि सतत दाबायचे. "थांबले का?" म्हणून दर मिनिटाला उचलून पाहणे ही सर्वांत सामान्य चूक. कापड भिजले तर त्यावर दुसरे ठेवा आणि दाब चालू ठेवा.

३. सर्पदंश. रुग्णाला चालू देऊ नका. चावलेला हात किंवा पाय लाकडी पट्टी व कापडाने हलणार नाही असा बांधा. पट्टी करकचून नको. अंगठ्या, जोडवी, कडे काढा. कापू नका, चोखू नका, साप मारण्यात वेळ घालवू नका. कोणी आधीच घट्ट दोरी बांधली असेल तर ती रस्त्यात एकदम सोडू नका, ते काम रुग्णालयात डॉक्टरांना करू द्या. लोक ज्याला 'सापाची लस' म्हणतात ते इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर काम करते आणि ते रुग्णालयातच देतात.

४. पाण्यातून वाचवणे. पोहता येत असले तरी आधी उडी मारू नका. बुडणारा माणूस वाचवणाऱ्याला मिठी मारतो आणि दोघे जातात. दोरीला रिकामा झाकणबंद कॅन बांधून फेकायला शिका, बांबू किंवा ओढणी पुढे करा. दोरी नेमकी जागेवर फेकणे वाटते तितके सोपे नाही. मैदानात वीस वेळा फेकून पाहा.

५. शॉक, भाजणे, विषबाधा. शॉक लागलेल्याला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करा. भाजलेल्या जागेवर २० मिनिटे साधे वाहते पाणी सोडा, टूथपेस्ट किंवा हळद लावू नका. फवारणीचे औषध अंगावर पडले तर स्वतः हातमोजे घालून त्याचे कपडे काढा आणि साबणाने धुवा. पोटात गेले असेल तर उलटी करवू नका, बाटली सोबत घेऊन रुग्णालयात जा. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही. स्वतः सुरक्षित असाल तर त्याला लगेच हात लावता येतो, श्वास नसेल तर सीपीआर देता येतो.

६. फोन करणे. हेही शिकावे लागते. १०८ किंवा ११२ वर गाव, तालुका, रस्ता, जवळची खूण, किती रुग्ण आणि ते शुद्धीत आहेत का, हे अर्ध्या मिनिटात सांगायचा सराव करा. महामार्गावर असाल तर किलोमीटरची पाटी वाचून सांगा.

७. आवाज वापरणे. वर सांगितलेल्या मुलाला नेमके हेच हवे होते. सरावात एकाने रुग्ण, एकाने हट्टी काका आणि बाकीच्यांनी गर्दी व्हायचे. शिकणाऱ्याने नाव घेऊन कामे द्यायची: "संतोषभाऊ, तुम्ही १०८ लावा. काकू, गर्दी मागे घ्या. काका, दोरी नको, पाटी द्या, पाय हलू द्यायचा नाही." वडीलधाऱ्यांना आदर ठेवूनही ठामपणे सांगता येते. पण ते वाक्य तोंडात बसलेले असावे लागते.

प्रशिक्षण कुठे मिळते?

महाविद्यालयातील एनएसएस आणि एनसीसी, शाळेतील स्काऊट-गाईड, भारतीय रेडक्रॉस आणि सेंट जॉन ॲम्ब्युलन्स या ओळखीच्या वाटा आहेत. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची 'आपदा मित्र' योजना २०१६ मध्ये सुरू झाली. तिच्या पुढच्या टप्प्यात देशातील ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवकांना १२ दिवसांचे प्रशिक्षण देण्याचे ठरले. पुढे 'युवा आपदा मित्र' ही योजना एनसीसी, एनएसएस, स्काऊट-गाईड यांसारख्या संघटनांतील तरुणांसाठी आली. आपल्या भागात पुढची तुकडी कधी आहे, ते जिल्हाधिकारी कार्यालयातील आपत्ती व्यवस्थापन कक्षात विचारा.

नाव घालण्याआधी तीन प्रश्न विचारा:

- प्रत्येक मुलाला पुतळ्यावर स्वतः सराव मिळेल का?
- एका पुतळ्यामागे किती मुले असतील?
- शेवटी करून दाखवायची परीक्षा आहे का?

दोन तास भाषण आणि प्रमाणपत्र, एवढेच असेल तर उपयोग मर्यादित आहे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

अपघातात मदत केली तर पोलिसांचा त्रास होईल का?
मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४-अ आले. चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर, मदत करताना रुग्णाला इजा झाली किंवा तो दगावला तरी, त्यासाठी दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही. नाव-पत्ता देण्याची सक्तीही करता येत नाही.

छाती दाबताना बरगडी मोडली तर?
मोडू शकते, विशेषतः वयस्कर माणसात. श्वास नसलेल्या माणसाला त्याहून मोठा धोका काही न करण्याचा असतो. थांबू नका.

एकदा शिकले की पुरे का?
नाही. तीन ते सहा महिन्यांत हात विसरू लागतात. पोळा, दिवाळी, संक्रांत, अक्षय्य तृतीया असे सण धरून घरात दहा मिनिटे उजळणी करा. घट्ट उशीवर लय आणि हातांची ठेवण, झोपलेल्या भावाला कुशीवर वळवणे, १०८ ला फोन करण्याचे नाटक, एवढे घरी सहज होते.

सगळे बरोबर करूनही माणूस वाचला नाही तर?
असे होते. मदत करणाऱ्या तरुणाशी त्या दिवशी घरच्यांनी बोलावे, त्याला दोष देऊ नये. झोप उडाली किंवा तेच दृश्य आठवत राहिले तर डॉक्टरांना भेटावे.

शेवटी

तो बी.एस्सी.चा मुलगा पुढच्या वर्षी एनएसएसच्या शिबिरात भेटला. हट्टी काकांचे काम त्याने स्वतः मागून घेतले आणि इतके झकास केले की समोरच्या मुलीला तीनदा सांगावे लागले, "काका, दोरी खाली ठेवा." तिसऱ्या वेळी तिचा आवाज थरथरत नव्हता.

हा लेख माहितीसाठी आहे. तातडीच्या वेळी १०८ ला फोन करा आणि रुग्णाला रुग्णालयात न्या.