व्यापाराचा दुभाष्या : इंडो-जर्मन चेंबर

मालवाहू छोट्या मोटारीला आपण सारे ‘टेम्पो’ म्हणतों. हा शब्द मूळचा मराठी नाहीं. जर्मनींतील हांबुर्ग शहरीं ‘विडाल अँड सोन टेम्पो-वेर्के’ नांवाचा कारखाना होता. त्याच्या गाड्यांचें तें व्यापारी नांव. १९५८ सालीं फिरोदियांच्या पुढाकारानें ‘बजाज टेम्पो’ ही कंपनी निघाली. पुढें तिचा कारखाना आकुर्डीस आला, आणि गाडीबरोबर तिचें नांवही आमच्या भाजीबाजारांत येऊन बसलें. २००५ सालीं कंपनीनें स्वतःचें नांव बदलून ‘फोर्स मोटर्स’ केलें. टेम्पो मात्र टेम्पोच राहिला. परंतु हजारों मैलांवरचा जर्मन कारखानदार आणि येथील उद्योजक यांची गांठ पडावी कशी, आणि पडल्यावर त्यांनीं एकमेकांवर भरंवसा ठेवावा कशाच्या आधारें? या प्रश्नाचें उत्तर म्हणून जी संस्था निर्माण झाली, तिची ओळख आज करून द्यावयाची आहे.

‘चेंबर ऑफ कॉमर्स’ म्हणजे व्यापाऱ्यांनीं आपल्या हितासाठीं वर्गणी काढून चालविलेलें मंडळ. अशी पहिली संस्था १५९९ सालीं फ्रान्समधील मार्सेय बंदरांत निघाली असें मानतात. मुंबईस १८३६ सालीं ‘बाँबे चेंबर’ निघालें. देशी व्यापाऱ्यांचें ‘इंडियन मर्चंट्स चेंबर’ १९०७ सालीं उभें राहिलें. आणि पुण्यांत आ. रा. भट यांच्या खटपटीनें १९३४ सालीं ‘मराठा चेंबर’ स्थापन झालें. हीं मंडळें एका शहराचें किंवा प्रांताचें हित पाहणारीं. द्विदेशीय मंडळ याहून निराळें. त्याचे सभासद दोन्ही देशांतले. म्हणून त्यास कोणा एकाचाच वकील होऊन चालत नाहीं. त्याचें काम दुभाष्याचें. आणि दुभाष्यानें एक शब्द जरी पदरचा घातला, तरी दोन्ही बाजूंचा विश्वास उडतो.

भारत आणि पश्चिम जर्मनी यांचे राजनैतिक संबंध १९५१ सालीं जडले. १९५४ सालीं टाटांच्या टेल्को कंपनीनें डाइम्लर-बेंझशीं करार करून जमशेदपुरास ट्रक बांधण्यास आरंभ केला. यंत्रें हवीं, विद्या हवी. पण परकीय चलन तुटपुंजें आणि आयातीस परवान्याची अट, असा तो काळ. जर्मन कारखानदारास आमच्या परवान्यांचा गुंता उमगेना, आणि आमच्या उद्योजकास जर्मनींत कोणाचें दार ठोठवावें तें कळेना. अशा वेळीं, १९५६ सालीं, मुंबईस इंडो-जर्मन चेंबर ऑफ कॉमर्स स्थापन झालें. आज त्याच्या कचेऱ्या दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूर व पुणें येथें आहेत. जर्मनींत ड्युसेलडॉर्फ येथेंही एक आहे. जर्मनीच्या अशा संस्था नव्वदाहून अधिक देशांत आहेत. सभासदसंख्येनें भारतांतील संस्था त्यांत अगदीं मोठ्यांपैकीं आहे. हें सरकारी खातें नव्हे, तथापि जर्मन सरकारचें त्यास साहाय्य असतें.

या संस्थेचें काम एका कल्पित उदाहरणानें स्पष्ट होईल. समजा, भोसरीस एका गृहस्थाचें लहानसें वर्कशॉप आहे. चार लेथ, दहा कामगार. त्यास स्टुटगार्टहून पत्र येतें, कीं अमुक मापाचे गिअर करून द्याल काय? पत्र वाचून आनंद होतो आणि लागलीच शंका सुरू होतात. ही पेढी खरोखर आहे काय? तिची पत कशी? ड्रॉइंगवर लिहिलेलें जर्मन प्रमाण आपल्या पोलादास लागू पडतें काय? माल नापसंत ठरल्यास वाद कोणत्या देशाच्या कायद्यानें तुटावयाचा? आणि तिकडे स्टुटगार्टच्या गृहस्थास याच शंका भोसरीविषयीं असतात! पेढीची माहिती काढणें, योग्य गिऱ्हाईक किंवा भागीदार शोधून देणें, करारमदार व कर यांविषयीं सल्ला देणें, प्रदर्शनांस व शिष्टमंडळांस वाट दाखविणें, हें चेंबरचें नित्याचें काम. यांतील पुष्कळ कामांस शुल्क पडतें. पण अज्ञानानें एक ऑर्डर बुडाली, तर तिचा भुर्दंड त्याहून कितीतरी अधिक.

येथें एक उणीव सांगितली पाहिजे. जर्मनींत स्थानिक चेंबरचें सभासदत्व कायद्यानें बंधनकारक आहे. तो कायदा योगायोगानें १९५६ सालचाच. त्यामुळें तेथें कोपऱ्यावरचा लहान दुकानदारही आपोआप सभासद असतो. आपल्याकडे सभासदत्व ऐच्छिक; म्हणून लहान कारखानदारास हें थोरामोठ्यांचें स्थान वाटतें आणि तो पायरी चढत नाहीं. दुभाष्या दारांत उभा असून बोलावयाचें तें मनांतच राहतें.

जर्मन चेंबरांचें आणखी एक काम आहे, आणि शिक्षकाच्या नात्यानें मला तें सर्वांत मोलाचें वाटतें. तेथें मुलगा तीन-साडेतीन वर्षें उमेदवारी करतो. आठवड्यांतले बहुतेक दिवस तो कारखान्यांत हातानें काम शिकतो, एक-दोन दिवस शाळेंत बसतो, आणि त्यास विद्यावेतन मिळतें. या पद्धतीस १९६९ च्या कायद्यानें पक्कें रूप आलें. तिचें मर्म परीक्षेंत आहे. ती मालक घेत नाहीं, चेंबर घेतें. म्हणून तें प्रशस्तिपत्र एका मालकाच्या मर्जीचें न राहतां साऱ्या देशांत चालतें. आपल्याकडेही शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ पासून आहे. पण उमेदवार म्हणजे स्वस्तांतला हमाल, अशी समजूत पुष्कळ ठिकाणीं अजून सुटलेली नाहीं. इंडो-जर्मन चेंबरनें १९९१ सालीं मुंबईस व्यवसायशिक्षणाचें केंद्र काढलें. पुण्याच्या शासकीय तंत्रनिकेतनांत मर्सिडीज-बेंझच्या सहकार्यानें मोटारविद्येचा अभ्यासक्रमही निघाला. वाट दिसलेली आहे. ती रुंद व्हावयास पाहिजे.

आमची मोशी पुणें-नाशिक रस्त्यावर, इंद्रायणीकांठीं, भोसरी आणि चाकण यांच्या मधोमध आहे. १९९७ सालीं ती पिंपरी-चिंचवड महापालिकेंत आली. २००९ सालीं चाकणला फोक्सवागेनचा कारखाना सुरू झाला आणि मर्सिडीजचा कारखानाही पिंपरीहून तेथें गेला. मोशींत मोठें प्रदर्शन-केंद्र झालें. जेथें ज्वारी डोलत होती तेथें आज कंपन्यांचे तंबू पडतात. शेत एकदांच विकलें जातें. त्याचा पैसा एका पिढींत सरतो. मुलाच्या हातांतली विद्या मात्र विकूनही उरते. म्हणून परदेशी कंपनी दाराशीं आली असतां, ‘किती माणसें घेणार?’ एवढेंच विचारून थांबूं नये. ‘किती मुलांस शिकविणार, आणि त्यांची परीक्षा कोण घेणार?’ हेंही विचारावें. कारखानदारानें तें चेंबरास विचारावें, पालकांनीं कारखानदारास विचारावें. दुभाष्या दोन्ही बाजूंचें बोलणें पोंचवितो. पण आपल्या बाजूचें बोलणें आपल्यालाच काढावें लागतें.