उठबस

आमच्या मिरजेत माझे एक टेलर आहेत. गल्लीत सगळे त्यांना मास्तर म्हणतात. गेली तीसेक वर्षं माझे कपडे तेच शिवतात. मास्तरांकडे एक लांबट, कडा झिजलेली वही आहे आणि तिच्यात प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक पान आहे. माझ्या पानावर लग्नाच्या वेळची, १९९६ सालची कंबर आहे २९ इंच. मग ३२, ३४, ३६. २०१२ साली ३८. गेल्या वर्षीच्या ईदला मास्तरांनी फीत गुंडाळली, काही न बोलता ४१ लिहिलं आणि पेन्सिल कानावर ठेवली. माझ्या कवितांचीसुद्धा इतकी सलग नोंद आजवर कुणी ठेवलेली नाही.

आता ही गोष्ट मी गमतीनं सांगतो आहे; पण तीन वर्षांपूर्वी माझ्या रक्तात साखर निघाली, तेव्हा गंमत संपली होती. डॉक्टरांनी वजन नंतर केलं, आधी कंबर मोजली. म्हणाले, पँटची नव्हे, बेंबीच्या पातळीवरची मोजायची. आपल्याकडच्या पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर, म्हणजे साधारण साडेपस्तीस इंच ही हद्द मानतात, बायकांसाठी ८० सेंटिमीटर. ती हद्द मी कधी ओलांडली हे मला मास्तरांच्या वहीवरून नेमकं सांगता आलं. डॉक्टर हसले. मी फारसा हसलो नाही.

शिंप्याची वही आणि वैद्यकशास्त्र यांचं नातं मात्र जुनं आहे. लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाचे डॉक्टर होते. दुसऱ्या महायुद्धानंतर हृदयविकार इतका का वाढतो आहे, हे ते शोधत होते. त्यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरचे ड्रायव्हर आणि कंडक्टर घेतले. गाडी तीच, परिस्थिती बहुतेक सारखीच. फरक एकच. ड्रायव्हर पाळी संपेपर्यंत बसून आणि कंडक्टर तिकिटं फाडत दिवसाला पाचशे-सहाशे पायऱ्या चढणार-उतरणार. १९५३ साली त्यांनी निष्कर्ष छापले: कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो आणि झालाच तर उतारवयात होतो. पुढं १९५६ साली त्यांनी या लोकांच्या गणवेशांची मापं तपासली. ड्रायव्हरांच्या पँटी कमरेला जास्त रुंद निघाल्या. आता कुणी म्हणेल, आधीच जाड असलेली माणसंच ड्रायव्हरकीला जात असतील. शंका रास्त आहे, आणि ती मॉरिस यांनीही मनावर घेतली. म्हणून तर नंतरची कित्येक वर्षं ते हाच विषय धरून बसले. बसले म्हणजे शब्दशः नव्हे. ते स्वतः नेमानं व्यायाम करत आणि २००९ साली, वयाच्या नव्व्याण्णवाव्या वर्षी वारले.

दुसरी पाहणी आपल्याच देशातली आहे, म्हणून मला ती जास्त जवळची वाटते. कलकत्त्याजवळच्या एका ज्यूट गिरणीत झाँ मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २१३ पुरुषांचं खाणं, वजन आणि काम यांचा ताळा घातला. हीसुद्धा १९५६ सालचीच. गिरणीत ओझी वाहणारे हमाल होते, यंत्रावरचे कामगार होते, कारकून होते आणि गिरणीच्या बाजारात दिवसभर गादीवर बसणारे दुकानदारही होते. आपल्याला वाटेल, ज्याचं काम जड त्याचं खाणं जास्त आणि बसणाऱ्याचं कमी. कामकऱ्यांच्या बाबतीत तसंच दिसलं. जितकं काम तितकी भूक, आणि वजन जागच्या जागी. पण अगदीच बसून असणाऱ्यांची भूक कमी झालेली नव्हती. ते हमालांइतकंच खात होते आणि वजनानं मात्र भारी होते.

म्हणजे भुकेचा काटा हालचालीच्या एका पातळीपर्यंतच बरोबर चालतो. माणूस त्या पातळीखाली गेला की काटा बिघडतो. मी कारकुनी करत असताना दुपारी साडेबाराला डबा उघडायचो, कारण साडेबारा वाजलेले असायचे. भूक लागली का, असं मी स्वतःला कधी विचारल्याचं आठवत नाही.

मी कवी असल्यामुळं असेल, पण मला ही सगळी गोष्ट शब्दांतून दिसते. आमच्या लहानपणी घरात किती क्रियापदं होती! पाणी शेंदणं, दळणं, कांडणं, वाटणं, पाखडणं, निवडणं, सारवणं, धुणं आपटणं. आमची अम्मी ही सगळी क्रियापदं एका दिवसात वापरायची. शब्द नव्हे, काम. पाट्यावर मसाला वाटायला ती उकिडवी बसे, मधेच चुलीकडे उठे, परत बसे. आला-गेला माणूस असायचाच. मराठीत पाहुण्याच्या सरबराईला ‘उठबस’ म्हणतात. तो शब्द कुणीतरी घरातल्या बाईकडे बघूनच केला असणार. शाळेत मात्र याच उठाबशा शिक्षा म्हणून काढायला लावत.

जेम्स लिव्हाइन नावाचे एक डॉक्टर आहेत. त्यांनी व्यायाम सोडून आपण दिवसभर जी हालचाल करतो तिचा हिशेब मांडला. म्हणजे उभं राहणं, घरात फिरणं, वाकणं, नुसती चुळबुळसुद्धा. १९९९ साली त्यांनी सोळा जणांना आठ आठवडे रोज गरजेपेक्षा हजार कॅलरी जास्त खायला घातल्या. कुणाची चरबी अर्धा किलोही वाढली नाही, कुणाची चार किलोंहून जास्त वाढली. फरक मुख्यतः या किरकोळ हालचालीचा होता. जास्त खाल्ल्यावर काहींचं शरीर आपणहून चुळबुळ वाढवतं, काहींचं नाही. हे वाचल्यावर मला शाळेतल्या एका मास्तरांची आठवण झाली, जे मला ‘स्थिर बस’ म्हणून ओरडायचे. मी पुढं फारच स्थिर बसलो.

पण इथं एक सांगितलं पाहिजे. जुन्या कष्टांच्या आठवणीनं गहिवरणारे लेख मला आवडत नाहीत. जात्यावरच्या ओव्या आपण साहित्य म्हणून वाचतो. हेमा राईरकर आणि गी पॉइटेविन यांनी महाराष्ट्राच्या गावोगाव फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमा केल्या, ते फार मोठं काम आहे. आमची नानीही जात्यावर मराठीत ओव्या गायची. पण पहाटे चारला उठून दळणाऱ्या बाईला व्यायाम घडत होता, असं म्हणायला मन धजत नाही. तिला झोप मिळत नव्हती आणि खायला सगळ्यांत शेवटी उरेल ते मिळत होतं. मी एकदा अम्मीला म्हटलं, ‘तुमच्या काळात कुणी जाड नव्हतं.’ ती दखनीत जे म्हणाली त्याचा अर्थ असा की, ‘तू पाणी भरलंस का कधी? मग गप बस.’ अम्मीचे गुडघे आज वाकत नाहीत. घरात मिक्सर आला तेव्हा सगळ्यात जास्त खूश तीच होती.

तेव्हा यंत्रं परत पाठवायची नाहीत. पण यंत्रानं वाचलेला वेळ गेला कुठं, हे विचारायला हरकत नसावी. माझ्यापुरतं उत्तर सोपं आहे: खुर्चीत. कॉलेजला मी मिरजेहून विश्रामबागेला सायकलनं जायचो. जाऊन-येऊन बारा-तेरा किलोमीटर तरी होत असतील, आणि त्याला कुणी व्यायाम म्हणत नसे. १९९७ साली हप्त्यानं गाडी घेतली, आणि दोन-तीन वर्षांत मी कोपऱ्यावरच्या पोस्टाच्या पेटीत कविता टाकायलासुद्धा किक मारून जाऊ लागलो. आता तर पेटीपर्यंतही जावं लागत नाही. कविता बसल्या जागेवरून फोनवरून जाते आणि नापसंतीही तिथंच परत येते.

बायकांचं उत्तर वेगळं आहे. २०२२ सालच्या अंदाजानुसार भारतातली जवळपास निम्मी प्रौढ माणसं पुरेशी हालचाल करत नाहीत, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासकांनी २०२४ साली मांडलं. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के, बायकांत ५७. घरातलं जड काम यंत्रांनी उचललं. पण बाहेर पडून चालायची मुभा कुठल्या यंत्रानं आणली नाही. माझी बायको सकाळी फिरायला निघाली तेव्हा तीन प्रश्न आले. कुठं, कुणाबरोबर आणि कशाला? हे प्रश्न आमच्या मोहल्ल्यातच येतात असं नाही, पलीकडच्या पेठेतल्या वहिनींनाही तेच येतात. शिवाय फूटपाथ नाही. आहे तिथं गाड्या उभ्या. शेवटी ती गच्चीवर फेऱ्या मारू लागली. छत्तीस पावलं की वळायचं.

आणि दहा हजार पावलांचं जे प्रस्थ आहे, त्याचीही गंमत ऐका. हा आकडा कुठल्या संशोधनातून आलेला नाही. जपानमध्ये १९६५ साली एका कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं, त्याचं नावच ‘दहा हजार पावलांचं मीटर’ अशा अर्थाचं होतं. आकडा गोल होता, तो टिकला. चालण्याचा फायदा त्याच्या बराच आधीपासून सुरू होतो. आपल्याकडे जेवणानंतरच्या शतपावलीचा आकडा तर फारच माफक आहे. पण तिच्यात तथ्य आहे. चालताना पायांचे स्नायू रक्तातली साखर सरळ ओढून घेतात, त्यामुळं जेवणानंतर साखर फार चढत नाही. माझ्यापुरतं मी हे बोटाला टोचून पाहिलेलं आहे.

मग चालायला लागलं की पोट उतरतं का? मला तसं वाटायचं. मी चाळीस मिनिटं चालून परतताना स्टँडसमोर एक वडापाव खायचो, कमावलाय म्हणून. हिशेब असा की, माझ्यासारख्या माणसाला एक किलोमीटर चालायला साधारण पन्नास-साठ कॅलरी लागतात आणि एका वडापावात तीनशेच्या आसपास असतात. चालणं तीन किलोमीटरचं, खाणं पाच-सहा किलोमीटरचं. टांझानियात हाड्झा नावाचे लोक आजही शिकार करून, कंदमुळं खणून जगतात. दिवसभर पायी हिंडतात. २०१२ साली हर्मन पाँट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचा दिवसाचा ऊर्जाखर्च मोजून छापला. शरीराच्या आकारमानाचा हिशेब धरल्यावर तो अमेरिका-युरोपातल्या बैठ्या माणसांइतकाच भरला. म्हणजे शरीर इकडं जास्त खर्च झाला की तिकडं काटकसर करतं. अभ्यासकांत यावर अजून वाद आहेत. पण ‘लोक आळशी झाले म्हणून लठ्ठ झाले’ हे अर्धंच वाक्य आहे, असं माझं मत झालं आहे. हालचालीनं हृदय आणि साखर सांभाळली जाते. कंबर जास्त करून ताटावर ठरते.

आणि ताट बदललं आहे. २०१९ साली केव्हिन हॉल यांनी वीस जणांना दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं पाकिटबंद पद्धतीचं जेवण आणि दोन आठवडे साधं घरगुती पद्धतीचं जेवण दिलं. साखर, चरबी, मीठ ताटात सारखंच. खा हवं तितकं. पाकिटबंद जेवणावर ती माणसं रोज पाचशेच्या आसपास कॅलरी जास्त खाऊ लागली. भरभर खाल्लं जातं आणि पोट भरल्याचं कळत नाही. पाच रुपयांचं पाकीट आज वाडी-वस्तीवर मिळतं. पेरू शोधावा लागतो.

यातून आकडे कुठं पोचले? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांत जादा वजनाचं प्रमाण २००५-०६ साली १२.६ टक्के होतं, ते २०१९-२१ मध्ये २४ टक्के झालं. पुरुषांत ९.३ वरून २२.९. आणि हे फक्त वजनाच्या काट्यावरचं. आपल्या लोकांची अडचण अशी की काटाही पुरेसं सांगत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली स्वतःचंच उदाहरण छापलं. उंचीच्या मानानं दोघांचं वजन अगदी सारखं, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि डॉ. याज्ञिकांच्या २१.२. हाडकुळ्या दिसणाऱ्या आपल्या माणसाच्या आत चरबी दडलेली असते, आणि तिची मुळं आईच्या पोटात असतानाच्या पोषणापर्यंत जातात, हे त्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बाळांवरून दाखवलं. सगळ्यांत शेवटी जेवणाऱ्या त्या बाईची आठवण मला इथं पुन्हा येते.

उपासाचं काय, असं कुणी विचारेल. रमजानात दिवसभर पाण्याचा थेंब न घेता माझं वजन दोन किलो वाढलेलं आहे. इफ्तारला भजी, समोसे, सरबत. मी हे आमच्या शेजाऱ्यांना सांगितलं, तर ते म्हणाले, ‘काळजी करू नका, आमच्यात एकादशी दुप्पट खाशी.’ आमच्या मशिदीत पूर्वी रांगेच्या टोकाला एखादीच खुर्ची असायची, कुणा म्हाताऱ्यासाठी. आता भिंतीशी खुर्च्यांची चळत असते आणि तिच्यातली काही माझ्याहून लहान माणसं उचलतात. गेल्या वर्षी मीही हात घातला होता. मग ठेवून दिली. सजद्यातून उठताना गुडघा कुरकुरतो, पण अजून उठता येतं.

परवा मास्तरांकडे गेलो होतो. त्यांना मी हे सगळं सांगत होतो, रेडिओवर बोलायचं आहे म्हणून. ते ऐकत ऐकत शिवत होते. त्यांच्या मशीनला पाच-सहा वर्षांपूर्वी मोटार बसली. त्याआधी ते दिवसभर पायानं पायटा हाणायचे आणि अंगानं काडीसारखे होते. आता शर्टाची खालची दोन बटणं त्यांना ताणून लावावी लागतात. त्यांनी मशीन थांबवली आणि विचारलं, ‘मग मोटार काढून टाकू का, सर?’

मला उत्तर देता येईना. पायट्यावर दिवसाला त्यांच्या दोन पँटी व्हायच्या, मोटारीवर चार होतात. मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

‘नको,’ मी म्हणालो. ‘पण चहा मागवत जाऊ नका, आणायला जात जा.’

ते उठले. आम्ही दोघं कोपऱ्यापर्यंत चालत गेलो. तिथं त्यांनी सवयीनं भजी सांगितली.