शुक्राणू घडतो कसा? अहवाल वाचण्याआधी एवढे जाणून घ्या

लग्नाला तीन-चार वर्षे होऊनही पाळणा हलला नाही, की तपासण्या सुरू होतात त्या सुनेच्या. धार-देवासकडची आपली मराठी घरेही याला अपवाद नाहीत. डही-कुक्षीहून तिला घेऊन इंदूरच्या चकरा होतात. मुलाची वीर्यतपासणी मात्र सगळ्यात शेवटी. खरे तर ती सोपी आणि कमी खर्चाची तपासणी आहे.

मुलीची स्त्रीबीजे तिच्या जन्माआधीच तयार झालेली असतात. मुलाचे तसे नाही. त्याच्या वृषणातील मूळ पेशी वयात येईपर्यंत जवळजवळ निद्रिस्त असतात. मग त्या विभागू लागतात; काही मूळ साठा टिकवतात, काही पुढच्या वाटेला लागतात. पुढे गेलेल्या ४६ गुणसूत्रांच्या एका पेशीपासून, दोन विभाजनांनंतर, २३ गुणसूत्रांच्या चार गोल पेशी होतात. त्यांना अजून शेपूट नसते. सर्टोली पेशींच्या आधाराने त्या आकार बदलतात, शेपूट फुटते आणि शुक्राणू घडतो.

या सगळ्याला सुमारे ७४ दिवस लागतात. पुढे अधिवृषणात पक्व होण्यासाठी आणखी काही दिवस जातात. म्हणजे आजचा अहवाल अडीच-तीन महिन्यांमागची प्रकृती सांगतो. तेव्हा मोठा ताप येऊन गेला असेल, तर शुक्राणूंची संख्या कमी दिसू शकते. म्हणून एका अहवालावर निकाल लावू नये; तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे.

अहवालात ‘राउंड सेल्स’ लिहिलेले असते. त्या अपक्व शुक्रपेशी असू शकतात किंवा पांढऱ्या रक्तपेशी. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही सारख्याच भासतात. फरक विशेष रंजनाने कळतो. सगळ्यांनाच ‘पस सेल्स’ समजले, तर गरज नसताना प्रतिजैविके घेतली जातात. डॉक्टरांना हा प्रश्न जरूर विचारा.

शुक्राणूनिर्मितीला शरीरापेक्षा दोन-चार अंश कमी तापमान लागते. भट्टीसमोर तासन्‌तास काम करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. तंबाखूही टाळावी. व्यायामशाळेत मिळणारी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने तर ही निर्मिती थांबवूही शकतात.

मुंबईच्या परळमध्ये १९७०पासून प्रजननावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. विज्ञान पुष्कळ पुढे गेले आहे. आपल्या घरांनी एक पाऊल पुढे टाकायचे आहे. तपासणी दोघांची, आणि एकाच वेळी.