पेढीचा दिवा आणि पेठेचा दिवा

लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळी पेढीपेढीवर वह्यांचे पूजन होते, उंबऱ्यावर पणती तेवू लागते. परंतु उंबऱ्यापुढील रस्ताच अंधारात असेल, तर गिऱ्हाईक त्या पणतीपर्यंत पोहोचणार कसे? दुकान एकाचे असते, रस्ता सर्वांचा. आणि जे सर्वांचे, त्याची काळजी बहुधा कोणीच वाहत नाही. या जुन्या कोड्याचे एक उत्तर कॅनडातील टोरांटो नगरीच्या व्यापाऱ्यांनी १९७० साली शोधून काढले. आजच्या मंगल दिनी त्याचे चिंतन करावे, असे आम्हांस वाटते.

टोरांटोच्या पश्चिम भागात ब्लूर रस्त्यावर लहान दुकानांची एक पेठ आहे. तिला ब्लूर वेस्ट व्हिलेज म्हणतात. पूर्वी या रस्त्याने ट्राम धावे आणि उतारू दुकानांच्या दारीच उतरत. १९६६ साली या मार्गाची भुयारी रेल्वे सुरू झाली आणि १९६८ मध्ये ती या पेठेवरून पुढे पश्चिमेस गेली. ट्राम बंद झाली; दारावरून वाहणारा जनप्रवाह भूमीखाली गेला. त्यातच १९६४ साली उघडलेल्या यॉर्कडेलसारख्या भव्य व्यापारसंकुलांनी, मोटारी उभ्या करण्यास मुबलक जागा देऊन, उरलेले गिऱ्हाईक आपल्याकडे ओढले. पेठेस अवकळा येऊ लागली.

उपाय कोणता? वर्गणी काढावी, तर देणारे थोडे आणि लाभ घेणारे सगळे. एकाने झाड लावावे व शेजाऱ्याने सावलीत बसून हसावे, अशी गत! म्हणून ओंटारियो प्रांताच्या कायद्याचा आधार घेऊन व्यापारी आणि नगरपालिका एकत्र आले. पेठेची सीमा आखण्यात आली. सीमेतील प्रत्येक व्यापारी मिळकतीवर तिच्या मूल्यानुसार एक जादा पट्टी बसली. ती पट्टी पालिकेने इतर करांबरोबर वसूल करावी आणि पेठेच्या मंडळाच्या हाती सोपवावी, असे ठरले. मंडळात प्रामुख्याने पेठेचीच माणसे. त्यांची नेमणूक व अंदाजपत्रकाची मंजुरी मात्र पालिकेची. त्या पैशातून दिवे, झाडे, फुलांच्या कुंड्या, बाके व उत्सव यांची सोय झाली आणि पेठ पुन्हा नांदती झाली. आज एकट्या टोरांटोत अशी ८० हून अधिक मंडळे आहेत. इंग्लंडनेही २००३ साली याच धर्तीचा कायदा केला.

आपल्या शास्त्रकारांनी यज्ञयागादी कर्मांस ‘इष्ट’ म्हटले. विहिरी, तळी, उद्याने, अन्नसत्रे यांस ‘पूर्त’ म्हटले. टोरांटोच्या व्यापाऱ्यांचा उद्योग पाहिला की आम्हांस हा दुसरा शब्द आठवतो. भेद इतकाच की पूर्त स्वेच्छेने घडते, ही पट्टी सक्तीची आहे. म्हणूनच तीवर अंकुश हवा. ओंटारियोच्या २००१ च्या पालिका-कायद्यात तो आहे: सूचना मिळालेल्यांपैकी एक-तृतीयांश जणांनी लेखी हरकत घेतली आणि त्यांचा करभारही एक-तृतीयांश असला, तर मंडळाची स्थापनाच होऊ शकत नाही.

तरीही एक शंका उरतेच. पेठ सजली की जागेचे मोल वाढते, मोलामागून भाडे वाढते आणि पट्टीचा भारही बहुधा भाडेकरूच्याच माथी येतो. ज्या लहान दुकानदाराने कठीण काळात पेठ जागती ठेवली, त्यालाच भरभराटीच्या काळात गाशा गुंडाळावा लागला, तर त्या रोषणाईस पूर्त कसे म्हणावे? मंडळाच्या बैठकीत मालकाइतकेच भाडेकरूच्या शब्दास वजन असावे, हे म्हणूनच अगत्याचे आहे.

वाचकहो, आज वहीच्या पहिल्या पानावर लाभाची प्रार्थना लिहाल, तेव्हा शेजारच्या दुकानाच्या लाभाचेही स्मरण असू द्यावे. सर्वांच्या उंबऱ्यांस उजळणारी महालक्ष्मी आपणा सर्वांस सुप्रसन्न असो!