एका तिरप्या रेघेची गोष्ट

मैत्रिणींनो, कॉम्प्युटरशी माझी पहिली ओळख झाली ती पत्त्यांच्या डावाने. २००६ साल असेल. मुलाच्या कॉलेजसाठी घरात तो भलामोठा डबा आला. मुलगा क्लासला गेला, की मी पदराला हात पुसत हळूच खुर्चीवर बसायची आणि सॉलिटेअर मांडायची. सुरुवातीला तो माऊस म्हणजे खरंच उंदीर! बाण दाखवायचा एकीकडे आणि जायचा भलतीकडे. पण आठवडाभरात राजावर राणी अलगद ठेवता यायला लागली. हाताला वळण लागलं ते त्या डावामुळेच.

मग धीर करून एमएस-सीआयटीला नाव घातलं. २००१ साली सुरू झालेल्या या कोर्सने आपल्या गावागावांतल्या किती बायकांना कॉम्प्युटरसमोर बसवलं! वर्गात कॉलेजची पोरं आणि त्यात मी एकटी ‘काकू’. शिकवणारी मुलगी माझ्या लेकीच्या वयाची, पण मला कधी हसली नाही. ‘काकू, घाबरू नका. चुकलं तर कंट्रोल धरून झेड दाबा,’ हा तिचा पहिला मंत्र. काय सुख होतं त्यात! पोळी करपली तर करपली, बोललेला शब्द परत घेता येत नाही. पण इथे मात्र केलेली चूक एका बोटाने मागे घेता येत होती.

त्रासही कमी नव्हता. ते दिवस भारनियमनाचे. तासभर खपून बचत गटाचं इतिवृत्त टाइप करावं आणि ‘सेव्ह’ करायच्या आतच लाइट जावी. स्क्रीन काळी आणि माझं तोंडही काळं! मराठीची तर वेगळीच तऱ्हा. घरी सुबक दिसणारा मजकूर प्रिंट काढायला दुकानात न्यावा, तर तिथे नुसता इंग्रजी अक्षरांचा कचरा. पुढे कळलं, की जुन्या फॉन्टमध्ये आत इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक असायचे, वर फक्त मराठी वेष चढवलेला. तो फॉन्ट दुसऱ्या मशीनवर नसला, की वेष गळून पडायचा. युनिकोडमध्ये आपल्या ‘क’ला स्वतःचा क्रमांक मिळाला, २३२५. जगात कुठेही उघडा, तो ‘क’च राहतो.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट हिशेबाची.

आमच्या बचत गटात आम्ही पंधराजणी. मी सचिव. दर महिन्याला वही घेऊन बसायचं, बेरजा करायच्या, खोडायचं, पुन्हा करायच्या. एक्सेल शिकले आणि वाटलं, आता सुटले! चौकटीत आकडे भरा, खाली ‘सम’ करा, की बेरीज तयार. एक आकडा बदलला तर पुढची सगळी गणितं आपोआप बदलतात. हे पहिलं कोष्टक काढणाऱ्या माणसाची कथाही अशीच आहे. डॅन ब्रिकलिन हा अमेरिकेत हार्वर्डला व्यवस्थापन शिकत होता. गुरुजी फळ्यावर हिशेब मांडायचे आणि एक आकडा बदलला, की पुढचे सगळे पुसून पुन्हा लिहायचे. ते पाहून त्याला कल्पना सुचली. त्यातून त्याने बॉब फ्रँकस्टनबरोबर १९७९ मध्ये व्हिसिकॅल्क हा प्रोग्राम बाजारात आणला. एक्सेल त्यानंतरचं, १९८५ चं. फळा असो की वही, खोडाखोडीचं दुखणं सारखंच!

मी इतकी हरखले, की सभासदांच्या कार्डावर सह्या करणंच थांबवलं. ‘आता सगळं कॉम्प्युटरमध्ये आहे, कार्ड कशाला?’ असं मीच म्हणाले.

एप्रिल २००७ मधली वार्षिक बैठक. मी नेटका छापलेला कागद घेऊन गेले. त्यावर प्रत्येकीचं नाव, एकूण भरणा आणि बाकी. मी ऐटीत वाचत होते. गटातल्या एका मावशींच्या नावापुढे आलं, ‘कर्ज पाच हजार, फेड साडेचार हजार, बाकी पाचशे.’

मावशी चमकल्या. ‘अगं, माझे दहाही हप्ते झाले की. शिमग्याच्या आधीच शेवटचा दिला तुला.’

मावशी धुणीभांडी करणाऱ्या. लिहिता-वाचता येत नाही. पण पैशाला पक्क्या. तरी कोणीतरी म्हणालं, ‘मावशी, कॉम्प्युटर कसा चुकेल? तुमच्याच ध्यानात राहिलं नसेल.’ सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी काय म्हणाले? ‘घरी जाऊन बघते,’ एवढंच. त्या रात्री लाइट नव्हती. मी बघितलं नाही.

सकाळी मावशींची नात दारात. रुमालात बांधलेली पाचशेची नोट. ‘आजीनं दिलेत. म्हणाली, वाद नको.’ आणि मैत्रिणींनो, आज लिहितानाही मान खाली जाते, मी ती नोट घेतली.

दुपारी लाइट आल्यावर नोंद करायला बसले. पाचशे टाकले. बेरीज झाली पाच हजार, बाकी शून्य. जुळलं! फाइल बंद करणार, इतक्यात नजर त्या ओळीवरून फिरली. चौकटी मोजल्या. पुन्हा मोजल्या. पाचशे-पाचशेचे अकरा हप्ते आणि बेरीज मात्र पाच हजार!

तशीच क्लासवर गेले. त्या मुलीने फाइल उघडली आणि मिनिटभरात एका चौकटीवर बोट ठेवलं. ‘काकू, इथे तुम्ही पाचशेपुढे तिरपी रेघ आणि आडवी रेघ दिलीय.’

अहो, ती तर आपली जन्माची सवय! पावती असो, चेक असो, पुढे कोणी आकडा वाढवू नये म्हणून आपण तशी रेघ मारतोच. इतकी सवयीची, की डोळ्यांना दिसतही नाही. पण कॉम्प्युटरच्या लेखी रेघ मारली की तो आकडा राहत नाही, अक्षरं होतात. आणि बेरीज करताना तो अक्षरं सोडून देतो. तक्रार नाही, लाल खूण नाही, गुपचूप सोडून देतो. एरवी आकडे चौकटीत उजवीकडे सरकतात आणि अक्षरं डावीकडे, त्यावरून तरी कळलं असतं. पण मी हौसेने सगळंच मधोमध करून ठेवलं होतं. सुंदर दिसावं म्हणून!

बँकेचं पासबुक काढून पाहिलं. तिथे माझ्या हिशेबापेक्षा पाचशे रुपये जास्तच होते. आधी पाहिलं असतं तर?

संध्याकाळी मावशींकडे गेले. नोट परत केली, माफी मागितली. म्हटलं, ‘मावशी, मशीनची चूक नाही, माझीच आहे.’ त्या चहा गाळत होत्या. म्हणाल्या, ‘चूक होती गं माणसाची. पण तू मला विचारलंस कुठं? तू नुसतं वाचून दाखवलंस.’

पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर हे सांगितलं आणि कार्डावरच्या सह्या पुन्हा सुरू केल्या.

आज हिशेब मोबाइलवर आले आहेत, पण चौकटी त्याच आहेत. म्हणून अनुभवाचे चार बोल. आकड्याच्या चौकटीत नुसता आकडाच टाका, ‘रु.’ किंवा रेघ नको. रुपयाचं चिन्ह हवं असेल तर ते फॉरमॅटमधून द्या. चौकटीत आकड्यांऐवजी कुंपणासारख्या खुणांची रांग दिसली तर घाबरू नका, रकाना अरुंद आहे, तो जरा रुंद करा. फोन नंबरचं पहिलं शून्य गायब होत असेल तर ती चौकट आधी ‘टेक्स्ट’ करून घ्या. आणि महिन्यातून एकदा बेरीज पासबुकाशी ताडून बघा.

मावशी आता थकल्यात. गटात येतात, कोपऱ्यात बसतात. मी हिशेब वाचला, की प्रत्येक नावानंतर थांबते आणि विचारते, ‘बरोबर आहे ना?’ मावशींचं नाव आलं, की त्या उगाचच दोन क्षण विचार केल्यासारखं करतात. मग म्हणतात, ‘हां, आता वाच पुढचं.’