धोटा आणि शाळेतला माग

शाळकरी मुलांना विणकाम शिकवायचे आणि त्यांनी विणलेले कापड गरजूंना द्यायचे, असे म्हटले की एक निरुपद्रवी चित्र डोळ्यांपुढे येते. रंगीत लोकर, हसरी मुले, शेवटी पांघरूण-वाटपाचा फोटो. त्या फोटोत देणारा कोण आणि घेणारा कोण, हे मात्र आधीच ठरलेले असते. आमच्या वस्तीतले पोर त्यात नेहमी हात पुढे करून उभे असते. मीही तसा उभा राहिलेलो आहे.

२०२३ च्या हिवाळ्यात इचलकरंजीजवळच्या एका शाळेत आमच्या महाविद्यालयातल्या मुलांनी सातवीच्या वर्गाला विणकाम शिकवले. ऊसतोड कामगारांच्या कोप्यांतील तान्ह्या बाळांसाठी पांघरुणे करायची होती.

माग म्हणजे पुठ्ठा. त्याच्या समोरासमोरच्या दोन कडांना अर्ध्या अर्ध्या सेंटिमीटरवर खाचा पाडायच्या आणि त्यांतून उभा धागा ताणून घ्यायचा, हा ताणा. आडवा धागा एका उभ्या धाग्यावरून आणि दुसऱ्याखालून न्यायचा, परतताना उलट, हा बाणा. पहिल्या दिवशी सगळ्यांचे कापड मध्येच कंबरेसारखे आवळले. कारण बाणा सरळ जात नाही, वरखाली वळसे घेत जातो, म्हणून त्याला कापडाच्या रुंदीपेक्षा जास्त लांबी लागते. तो किंचित कमानीत टाकून मग कंगव्याने ठोकायचा. हे ज्याला उमगले तो निम्मा विणकर झाला.

नक्षी शिकवताना हातात धागा दिलाच नाही, चौकटीचा कागद दिला. जिथे ताणा वर येतो ते घर काळे करायचे. एकाआड एक घर काळे केले की साधी वीण. दोन काळी, दोन पांढरी, आणि दर ओळीला एक घर सरकवले की कापडावर तिरप्या रेघा उमटतात. जी मुलगी गणितात नापास होत होती तिने ही सरक सर्वांआधी ओळखली. नक्षी बोटांत येण्याआधी डोक्यात तयार होते. ज्या समाजाने विणणाऱ्याला बुद्धी नाकारली त्याने हे कधी पाहिलेच नाही.

पंधरा सेंटिमीटरचे तीस तुकडे, सहा गुणिले पाच असे जोडले की नव्वद बाय पंचाहत्तरचे पांघरूण होते. तुकडे जोडून वस्त्र करण्याची रीत जुनीच आहे. मगधातील बांध घातलेली शेते दाखवून बुद्धाने आनंदाला तशा आखणीचे चीवर करायला सांगितले, असे विनयपिटकात आहे.

एका जुन्या विणकराकडून लाकडी धोटा आणला होता. त्याला बाजूस बारीक छिद्र असते. नवी कांडी घातली की धाग्याचे टोक त्या छिद्रातून बाहेर काढावे लागे, आणि त्यासाठी विणकर छिद्राला तोंड लावून धागा ओढून घेई. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने असा धोटा १९११ साली कायद्याने बंद केला, कारण एकच धोटा अनेकांच्या तोंडी लागून रोग पसरत. मुंबईच्या गिरण्यांत धोटा तसाच राहिला, माणूस बाजूला काढला गेला. अस्पृश्याच्या तोंडचा धागा सवर्णाच्या तोंडी कसा जाणार? म्हणून विणकाम खात्यात, जिथे पगार अधिक तिथे, अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. १९२८ च्या सार्वत्रिक संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. आणि विदर्भातले महार तर पिढ्यान्‌पिढ्या घरच्या मागावर जाडेभरडे कापड विणत आले होते! आमचे पणजोबा मुंबईच्या एका गिरणीत सूत काढीत राहिले. त्या सुताचे कापड कसे होते, हे त्यांना लांबूनच दिसले.

मी हे सांगत असताना वर्ग गप्प होता. एका मुलाने धोटा उचलून छिद्राला तोंड लावले, धागा ओढला आणि तो शेजारच्याला दिला. त्यानेही ओढला.

अडचण आली ती दुसरीकडून. एका व्यापाऱ्याने कोनांवर उरलेले सूत फुकट देऊ केले होते. आम्हांला ते सोयीचे वाटले. नक्षीतली सरक ओळखणारी ती मुलगी मात्र उठून म्हणाली, "सर, उरलेलं देऊ नका. उरलेलं आमच्याकडंच येतंय." ती कुठल्या वस्तीतली, हे मला विचारावे लागले नाही. आमच्यातल्या एका शिक्षकांना हा उद्धटपणा वाटला. दोन दिवस वाद झाला. अखेर वर्गणी काढून नवी लोकर आणली. दोन पांघरुणे कमी झाली.

कोप्यांवर गेलो तेव्हा फोटो काढायचा नाही, असे ठरले होते. बीडकडच्या एका बाईने पांघरूण उलटे केले, जोडावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "शिवण सैल हाय. धुतलं की सुटंल." मग तिने सुई मागितली. मुली तिच्याभोवती बसल्या आणि गोधडीचा टाका शिकू लागल्या.